फोनमधला दादा

घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थहून आम्ही बोलतोय. बचत गटांच्या कामामुळे आम्हाला आठवड्यातून चार-पाच बैठकांना बसावं लागतं. हप्ता, व्याज, कर्जाची फेड, बँकेचे कागद हे सगळं उरकलं की सतरंजी गुंडाळताना बायका मनातलं बोलायला लागतात. मागच्या वर्षभरात त्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. गावं वेगळी, घरं वेगळी, पण वाक्य जवळपास एकच : "बाप जाऊन चार महिने झाले, बापासाठी रडली नाही एवढी पोरगी त्या फोनमधल्या पोरासाठी रडते."

आज आपण त्याच पोरीबद्दल बोलणार आहोत. घरातलं माणूस गेल्यावर फोनमधल्या माणसाला धरून बसणारी आपली मुलं, आणि त्यांच्याकडे बघून घाबरलेल्या आपण.

आधी हा फोनमधला पोरगा कोण, ते सांगायला हवं, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणींना तो नुसता चेहऱ्यानं माहीत आहे. आमच्या भागात बहुतेक घरांत हा पोरगा म्हणजे सूरज चव्हाण. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा. आई-वडील लहानपणीच गेले. शाळा आठवीपर्यंत. मोलमजुरी करता करता तो टिकटॉकवर छोटे व्हिडिओ टाकायला लागला. त्याच्या दिसण्यावर, बोलण्यावर हसणारे खूप होते, पण त्याचे 'गुलिगत', 'झापुक झुपूक' हे शब्द पोरासोरांच्या तोंडी बसले. 29 जून 2020 ला सरकारनं टिकटॉक धरून 59 ॲपवर बंदी घातली. तेव्हा खेड्यापाड्यातल्या अशा कितीतरी मुलांचा मंच एका रात्रीत गेला. हा मात्र टिकला. 28 जुलै 2024 ला 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व सुरू झालं, त्यात तो गेला आणि 6 ऑक्टोबरला जिंकून बाहेर आला. 14 लाख 60 हजारांचं बक्षीस मिळालं. पुढं 25 एप्रिल 2025 ला केदार शिंदे यांचा 'झापुक झुपूक' हा सिनेमा आला, त्यात हाच नायक.

आता विचार करा. आपल्या गावात एखाद्या मुलाचा बाप जातो. दहावा होतो, तेरावा होतो, पाहुणे आपापल्या गावी जातात. मोठ्या माणसांच्या गळ्यात पडून लोक रडतात, मुलाच्या डोक्यावर नुसता हात ठेवतात आणि म्हणतात, "आता तूच मोठा. मायकडं बघ." त्याला काय वाटतंय हे कुणी विचारत नाही. वर्गातली मुलं त्याच्याशी बोलायला कचरतात. अशा मुलाला फोनमध्ये एक पोरगा दिसतो. आपल्यासारखाच काळासावळा, आपल्यासारखंच बोलणारा, मोठं घर नाही, इंग्रजी नाही. आणि तो सगळ्या महाराष्ट्रासमोर सांगतो की मला आई-वडील नाहीत. सांगून तो नाचतो, हसतो, हसवतो. ज्या मुलाला आपल्या घरात बापाचं नाव काढायची चोरी झाली आहे, त्याला हा पोरगा आपला वाटला तर त्यात नवल काय?

अशा ओढीला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे. 1956 साली अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी रेडिओ आणि टीव्ही ऐकणाऱ्या-बघणाऱ्या माणसांबद्दल एक लेख लिहिला. रोज ठरल्या वेळी एकच आवाज ऐकून, एकच चेहरा बघून माणसाला वाटायला लागतं की हा आपल्याशीच बोलतोय, हा आपल्या ओळखीचा आहे. समोरच्याला मात्र आपण माहीतही नसतो. आपण त्याला सोप्या भाषेत एकतर्फी नातं म्हणू. आता आम्ही इथं माईकसमोर बसलो आहोत आणि तुम्ही स्वयंपाक करता करता ऐकताय. आम्हाला तुमचा चेहरा दिसत नाही, तरी तुमच्यातल्या काही जणी बाजारात भेटल्यावर "तुमचा आवाज ओळखीचा आहे" म्हणून हात धरतात. तेही थोडंफार तसलंच नातं. त्यात वेडेपणा काही नाही.

आणि आपल्या आज्या-पणज्यांना तर हे नातं चांगलंच माहीत होतं. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवीत विठोबाला कधी बाप म्हणायची, कधी भाऊ म्हणायची. माहेर तुटलेल्या, नवरा गेलेल्या, सासुरवास सोसणाऱ्या बाईला जे कुणाजवळ बोलता येत नव्हतं, ते ती जात्याजवळ बोलायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी कार्यकर्त्यांना सोबत घेऊन महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही आपल्या शेजारच्या आहेत. गोदावरीच्या पलीकडं माजलगावला भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर ओव्या गायल्या, त्या 1990 च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला गेले. पण या बायकांनी त्यांना आपला भाऊ केलं, घरातलं माणूस केलं, आणि त्या भावाच्या बळावर त्या ताठ उभ्या राहिल्या.

म्हणून बैठकीत कुणी "आजकालच्या पोरांना वेड लागलंय" म्हणाली की आम्ही तिला जात्याची आठवण करून देतो. दुःखातल्या माणसाला दूरच्या कुणाचा तरी आधार लागतो, हे जुनंच आहे. फक्त जात्यापाशी दोघी बसायच्या. एक गायची, दुसरी ऐकायची, दोघींचा हात एकाच खुंट्यावर असायचा. फोनपाशी आपली मुलगी एकटी असते.

आता एका घरातली गोष्ट सांगतो. घरातल्या माणसांना विचारून सांगतोय, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी नववीत होती. वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन. 2024 च्या दिवाळीनंतर, कापसाची वेचणी चालू असताना, वडील छातीत कळ येऊन दोन तासांत गेले. वय बेचाळीस. आई आमच्या एका गटाची सभासद. तेराव्यानंतर आठ दिवसांनी आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेली, कारण घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. मुलगी शाळेतून यायची, भांडी घासायची, भाकरी टाकायची आणि फोन घेऊन कोपऱ्यात बसायची. फोन वडिलांचा होता. त्यावर सूरजचे व्हिडिओ. तेच ते, दहा-दहा वेळा. कुणी त्याला नावं ठेवली तर ही चिडायची, ताट सारून उठायची. रात्री पांघरुणात फोनचा उजेड दिसायचा. वहीच्या मागच्या पानावर त्याचं नाव.

सहामाहीत बरे मार्क होते, त्यानंतर अभ्यास सुटला. पोट दुखतं म्हणून शाळा बुडायला लागली. सिनेमा येणार असं कळल्यावर तिनं आईजवळ हट्ट धरला की मला जालन्याला नेऊन दाखव. घरात किराण्याला पैसे नाहीत आणि ही सिनेमा मागते, म्हणून आईनं पहिल्यांदा तिच्यावर हात उचलला. चुलत्याच्या कानावर हे गेलं. चुलता वाईट माणूस नाही, भावाच्या मागं त्यानंच पेरणीला पैसे दिले होते. पण तो घाबरला. त्यानं दोन गोष्टी ठरवल्या. फोन विकून टाकायचा. आणि त्याच लगनसराईत पोरीचं उरकायचं. स्थळही बघितलं. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती.

मैत्रिणींनो, फोनचा विषय लग्नापर्यंत कसा जातो, ते इथं बघा. आपल्या मराठवाड्यात बाप गेलेल्या मुलीचं लग्न लवकर उरकतात हे आपल्याला नवीन नाही. जबाबदारी कमी होते, एक खाणारं तोंड कमी होतं, आणि लोक काय म्हणतील याची धास्ती जाते. त्यात पोरगी एखाद्या पोराचं नाव घेऊन रडते म्हटल्यावर कारण आयतंच मिळतं. तो पोरगा तिला ओळखत नाही, तो तिनशे किलोमीटरवर आहे, हे कुणी लक्षात घेत नाही.

आईनं बैठकीत हे सांगितलं तेव्हा गटातल्या दोघी तिच्या घरी गेल्या. एक गटाची सचिव, आणि दुसरी आमच्यातली सगळ्यात वयस्कर आजी. आजी तिशीत विधवा झालेली. त्यांनी जाऊन उपदेश केला नाही. आईसोबत ओट्यावर तूर पाखडत बसल्या. तासाभरानं आजी पोरीला म्हणाली, "ये बाई, दाखव बरं मला तुझा सूरजदादा. मला बी बघू दे."

पोरीला आधी खरं वाटलं नाही. मग तिनं एक व्हिडिओ लावला. आजीला काही कळलं नाही. "हा काय म्हणला गं? टेंगुळ कुणाला आलं?" पोरीनं समजावून सांगितलं. पुन्हा लावला. आजी हसली, मग पोरगीही हसली. बाप गेल्यापासून ती घरात पहिल्यांदा हसली, असं आईनं नंतर सांगितलं. तीन-चार व्हिडिओ झाल्यावर पोरगी आपण होऊन म्हणाली, "हा पप्पांना लई आवडायचा."

मग हळूहळू सगळं निघालं. वडील रानातून आले, हातपाय धुतले की बाजेवर बसून दोघं बापलेक हे व्हिडिओ बघायचे. 'बिग बॉस' चालू होतं तेव्हा याच फोनवरून दोघं मिळून मत द्यायचे. सूरज जिंकला त्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी कुंभार पिंपळगावहून जिलेबी आणली होती. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात वडील गेले. पोरगी म्हणाली, "व्हिडिओ लावला की पप्पा शेजारी बसून हसतेत असं वाटतं. कुठं हसायचे ते मला पाठ आहे."

आई दारात उभी राहून ऐकत होती. जिलेबी तिनंही खाल्ली होती, पण तो फोन पोरीसाठी काय होता हे तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मला वाटलं बापाचं नाव काढलं तर पोरगी रडंल, म्हणून मी काढत नव्हते." आणि पोरगी म्हणाली, "मला वाटलं तू रडशील." चार-पाच महिने एका खोलीत दोघी एकमेकींना जपत गप्प राहिल्या होत्या. त्या दिवशी दोघी रडल्या. आजीनं रडू दिलं. वडिलांचा फोटो पेटीत कपड्यांखाली ठेवलेला होता, तो त्या आठवड्यात भिंतीवर लागला.

पण एवढ्यानं लग्नाचा विषय मिटला नव्हता. चुलत्याशी बोलायला गटातल्या पाच जणी गेल्या. त्याचं म्हणणंही त्यांनी ऐकून घेतलं. तो म्हणाला, "वहिनी एकटी, पोरगी वयात आलेली. उद्या काही बरंवाईट झालं तर गावाला तोंड मला दाखवायचंय." सचिवबाईंनी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, पोरगी कुणा पोराच्या नादी लागलेली नाही, ती बापाची आठवण धरून बसली आहे. दुसरी, अठराच्या आत लग्न लावलं तर 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं लग्न ठरवणारे आणि लावणारे मोठे लोक गुन्हेगार ठरतात, त्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तिसरी, पोरीच्या शिक्षणाचा भार एकट्या घरावर पडणार नाही, सरकारी योजनेचे कागद गट करून देईल. चुलत्यानं लगेच होकार दिला नाही. दोन दिवसांनी निरोप आला की दहावी होऊ द्या. आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. दहावीनंतर पुन्हा बसायचं हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे, आणि ती अठराची होईपर्यंत दरवर्षी बसणार आहोत.

पोरगी आता दहावीत आहे. व्हिडिओ बघणं बंद झालेलं नाही. रात्री नऊनंतर फोन आईच्या उशाशी असतो, एवढं दोघींनी मिळून ठरवलं. तिनं सूरजला इन्स्टाग्रामवर लांबलचक मेसेज लिहिला होता, वडिलांबद्दल. त्याचं उत्तर आलं नाही. ज्याच्यामागं लाखो माणसं आहेत त्याला एकेकीचं वाचणं शक्य नाही. आजीनं तिला सांगितलं, "पांडुरंगानं मला बी कधी चिठ्ठी धाडली नाही. बोलल्यानं मन हलकं झालं ना, मग झालं." तो मेसेज पुढं पोरीनं आईला वाचून दाखवला.

आमचं गाव समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 साली रामनवमीला इथं ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. नारायण लहान असतानाच वडील सूर्याजीपंत वारले. त्याच्या बालपणातली एक गोष्ट गावातलं प्रत्येक पोर ऐकत मोठं होतं. एकदा तो घरात दिसेना. आई राणूबाई शोधायला निघाली, तर तो अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत एकटा बसलेला. आईनं विचारलं, इथं काय करतोस? तो म्हणाला, जगाची काळजी करतोय. आपण ही गोष्ट ऐकतो ती पोराच्या उत्तरासाठी, कारण तो पुढं मोठा संत झाला. पण गटात हा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाली, "ती माय शोधत गेली आणि तिनं विचारलं, हे बी मोठंच की." आम्हाला ते पटलं. अंधारात बसलेल्या लेकराला ती ओढून बाहेर काढायच्या आधी विचारते. आपल्याकडूनही तेवढं व्हावं.

ते कसं करायचं, आता एकेक करून सांगतो.

पहिलं म्हणजे फोन हिसकावू नका, फोडू नका, विकू नका. ज्याचं आधीच एक माणूस गेलं आहे त्याच्याकडून दुसरा आधार एका झटक्यात काढून घेतला तर ते आणखी आत जाऊन बसतं. त्यातही फोन गेलेल्या माणसाचा असेल तर त्यात फोटो असतात, आवाज असतो. ते आधी दुसऱ्या फोनमध्ये उतरवून घ्या. गावात मोबाइलचं दुकान चालवणारा पोरगा हे दहा मिनिटांत करून देतो.

दुसरं, शेजारी बसून बघा. दाखव म्हणा. काय आवडतं विचारा. हसू आलं तर हसा, नाही आलं तर "मला कळलं नाही, सांग" म्हणा. त्या माणसाची टिंगल करू नका. तुम्ही त्याला नावं ठेवली की मूल तुमच्याजवळ काहीच बोलणार नाही.

तिसरं, गेलेल्या माणसाचं नाव घरात घ्या. "आज तुझ्या पप्पांच्या आवडीची भाजी केली" एवढंच म्हटलं तरी दार उघडतं. मूल रडलं तर रडू द्या, तुम्ही रडलात तरी चालेल. मुलांचं दुःख मोठ्यांसारखं सलग नसतं. सकाळी रडतं आणि दुपारी क्रिकेट खेळतं. याला काहीच वाटत नाही असा अर्थ त्यावरून काढू नका. कधी ते रागातून दिसतं, कधी पोटदुखीतून, कधी अभ्यास सुटण्यातून.

चौथं, झोपेची वेळ सांभाळा. रात्री फोन मुलाजवळ नको. नियम लादण्यापेक्षा दोघांनी मिळून ठरवा, आणि तो नियम घरातल्या मोठ्यांनाही लावा. आपण मालिका बघत बसायचं आणि मुलाला झोप म्हणायचं, हे चालत नाही.

पाचवं, पैशाचा आणि अनोळखी माणसाचा धोका ओळखा. आमच्या भागात आई गेलेल्या एका मुलाला एका नावाजलेल्या रीलवाल्याच्या नावानं मेसेज आला. "तू माझा खास चाहता आहेस, भेटायला ये, आधी पाचशे रुपये पाठव." खातं खोटं होतं. नाव आणि फोटो कुणालाही लावता येतो. दुःखातलं मूल अशा गोड बोलण्यावर लवकर विश्वास ठेवतं. मुलाला आधीच सांगून ठेवा : खरा कलाकार चाहत्याकडं पैसे मागत नाही, तुझा फोटो मागत नाही, एकटी ये म्हणत नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि मुलीला कुणी फोटोवरून धमकावत असेल तर तिला न मारता तिच्या बाजूनं उभ्या राहा.

सहावं, फोनमधल्या माणसाचंही काही होऊ शकतं हे लक्षात असू द्या. धारूर तालुक्यातल्या भोगलवाडीचा संतोष मुंडे आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. टिकटॉकवर शेतकऱ्याच्या साध्या बोलीत हसवायचा. डिसेंबर 2022 मध्ये विजेचा धक्का लागून तो गेला. अशी बातमी येते तेव्हा आधीच दुःखात असलेल्या मुलाची जुनी जखम पुन्हा उघडते. "तो तुझा कोण लागत होता?" असं त्या दिवशी विचारू नका. त्या दिवशी त्याच्याजवळ बसा.

घरच्या मायेनं भागत नाही अशीही वेळ येते. मूल दोन-तीन आठवडे जेवत नाही, झोपत नाही, शाळेत जायचं पूर्ण बंद झालं, स्वतःला इजा करून घेतं, किंवा "मला पण पप्पांकडं जायचंय" असं बोलतं, तेव्हा वाट बघू नका आणि अंगारा-धुपाऱ्यावर थांबू नका. असं बोलणं नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा, आणि टेलिमानसला फोन करा. क्रमांक 14416. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. 10 ऑक्टोबर 2022 पासून ही सेवा देशभर सुरू आहे. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथला समुपदेशक मुलाशी एकट्यानं बोलतो. आपल्या आशाताईला विचारलं तर त्या सोबत येतात.

आणि पैशाची गोष्ट, कारण बापामागं घर गप्प होतं ते पुष्कळदा पैशाच्या काळजीनं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील, दोघांपैकी एक जरी गेलं असेल, तरी अठरा वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज करता येतो. मंजूर झाला तर मुलामागं महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडं जातो. मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्माचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँक पासबुक हे कागद आधीच गोळा करून ठेवा. ज्या बाईचा नवरा नुकताच गेला आहे तिला एकटीला जालन्याला चकरा मारायला लावू नका. गटातली एक जण सोबत जाऊ द्या.

अल्पवयीन मुलीचं लग्न ठरतंय असं कळलं तर 1098 वर फोन करा. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह रोखणारे अधिकारी आहेत, अंगणवाडीताईंनाही सांगता येतं. मांडव पडायच्या आधी सांगितलं तर घराची अब्रूही राहते आणि पोरगीही वाचते. मांडवात पोलीस आणण्यापेक्षा महिनाभर आधी पाच जणींनी जाऊन ओट्यावर बसणं कधीही बरं.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं एक काम करा. हिशोबाची वही मिटल्यावर विचारा : गेल्या वर्षभरात आपल्या गल्लीत कुणाच्या घरी माणूस गेलं? त्या घरात दहा ते अठरा वयाचं लेकरू आहे का? त्याला कोण भेटायला जाणार? नाव ठरवा, वार ठरवा, आणि पुढच्या बैठकीत जाऊन आलीस का म्हणून विचारा. हप्ता चुकला तर आपण घरी जाऊन विचारतोच ना, तसंच हेही. रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल. तूर पाखडायला, शेंगा फोडायला बसा. ते लेकरू कोपऱ्यात फोन घेऊन बसलेलं असेल, तर म्हणा, दाखव बरं मला.

क्रमांक पुन्हा एकदा सांगतो, वहीच्या मागं लिहून घ्या. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, 14416. मुलांसाठी मदत आणि बालविवाह, 1098. फोनवरून पैशाची फसवणूक, 1930.

तुमच्या गावात कुणी असं लेकरू जवळ केलं असेल तर आम्हाला कळवा.